रताळ्याचं पाणी

१९ फेब्रुवारी २००६, रविवार

रविवार असून दुपारी खानावळीत चार माणसं. त्यातली दोघं नुसता चहा मिळतोय का इचारायला आलती. पेपरात आलंय, तिकडं नंदुरबारला कोंबड्यांना रोग झालाय. नंदुरबार कुठं, कसबा बावडा कुठं! पण माणसं भ्याली ती भ्यालीच. हंबीरराव, आमचं रोजचं गिऱ्हाईक, दारावरनं नाकाला रुमाल लावून गेला. कालपर्यंत माझ्या चिकनच्या रश्श्यात बोटं बुडवून चाटत होता मुडद्या.

"आक्का, मटण सुरू करा," असं कृष्णात म्हणतोय. लेक हाय माझा, पण डोकं फौंड्रीतल्या लोखंडाचं. मटणाचा भाव एका रात्रीत आभाळाला टेकलाय आणि माझी गिऱ्हाइकं कारखान्याची. त्यांनी काय खिसा कापून द्यायचा?

मालक गेल्यापासून ही डायरी मी लिहितो. ते असताना म्हणायचे, बाईमाणसानं 'गेले, आले' असं लिहावं. आमच्या बावड्यात बाया गेलोच म्हणत्यात. मी आक्का खानावळवाली, मी गेलोच लिहिणार. ज्याला पटत न्हाय त्यानं वाचू नये.

२३ फेब्रुवारी

चूल दोन दिवस थंड. क्रांतीच्या बालवाडीत डॉक्टर आलते. नात माझी चार वर्षांची, पण उचलली तर हातात काही लागत न्हाय. डॉक्टर म्हणाले, पोरीच्या अंगात रक्त कमी हाय. सुष्मिता, माझी सून, टॉनिकची बाटली घेऊन आली. मी म्हटलं, बाटलीनं रक्त वाढत असतं तर खाटीक उपाशी मेलं असतं. पोरीला अळणी पाज. मटण शिजवलेलं, तिखटमिठाआधीचं पाणी. आख्खं कोल्हापूर त्याच्यावर उभं राहिलंय.

सुष्मी मला अत्ती म्हणते, कानडीत सासूला म्हणत्यात तसं. म्हणाली, "अत्ती, तेवढं सोडून सांगा."

लिंगायताची पोर. गडहिंग्लजच्या बसाप्पा व्यापाऱ्याची. आमच्या कृष्णातशी लग्न केलं तवा बाप म्हणाला, कोंबडी कापणाऱ्या घरचं मी पाणी पिणार न्हाय, तू पण माझी चौकट चढू नकोस. सहा वर्षं झाली, आईचं तोंड बघितलेलं न्हाय पोरीनं. ह्या घरात मी तिचं भांडं वेगळं ठेवलंय, तिला कधी जबरदस्ती केली न्हाय. पण नात माझीबी हाय की.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुष्मीचा कडक उपास. तिनं रताळी उकडली. क्रांती रोजच्यासारखी तोंड फिरवून बसली. मग सुष्मीनं काय केलं, वाट्या मांडल्या तिच्यापुढं. दही, शेंगदाण्याचं कूट, गूळ, डाळिंबाचे दाणे, ओलं खोबरं. म्हणाली, "तुझं रताळं तू कर. मी हात लावणार नाही."

पोरीनं रताळं मधोमध फोडलं, त्यात दही भरलं, वर दाणे चिकटवले, गुळाचा खडा टोचला आणि सगळं खाल्लं! मी बघतच राहिलो.

सुष्मी माझ्याजवळ सरकून बसली. "अत्ती, पोरं स्वतः केलेलं खातात. आपण खानावळीत हेच करूया का? आईबापांनी पोरांना घेऊन यायचं. रताळं आपलं, वर काय घालायचं ते ज्याचं त्यानं. मटकीची उसळ, काकडी-गाजराची कोशिंबीर, ताजं लोणी, मोठ्यांना ठेचा. तळण न्हाय, काय न्हाय. शिवरात्र झाली की बाजारात रताळ्याला कोण विचारत नाही, स्वस्त पडतील."

मी म्हटलं, कोल्हापुरात उपासाचं खायला पैसे कोण देतंय?

मग ती खाली बघून बोलली. "घर शाकाहारी झालं तर अप्पा येतील. अव्वा येईल."

मग मला कळलं, आईबापासाठी रताळ्याची ओढ लागलीय. चूल तशीबी थंड हाय. मी हो म्हटलं.

२ मार्च

तीन दिस नुसती घासापुशी. सुष्मीनं भिंतींना चुना दिला, फरशा सोड्यानं धुतल्या, सुऱ्या, पातेली, सगळं विकून नवी भांडी आणली. दारावर नवा बोर्ड. 'आपलं ताट आपल्या हातानं. शुद्ध शाकाहारी.' अक्षर ठसठशीत हाय.

एक डेचकी मात्र मी दिली न्हाय. पांढऱ्या रश्श्याची. मालकांनी आमच्या पहिल्या दिवाळीला आणलेली. मागच्या खोलीत ठेवलीय. सुष्मीला सांगितलं, पुढचं सगळं तुझं, मागची चूल माझी. तिथं मला कोण लुडबुडलेलं चालत न्हाय. ती म्हणाली, "बरं, अत्ती." गुणाची हाय.

५ मार्च, रविवार

फज्जा. बालवाडीच्या ओळखीनं आठ-दहा बिऱ्हाडं आली. पोरांनी वाट्यांत हात घातले, चार मिनिटं मजा केली आणि रताळं तसंच टाकलं. "मम्मी, गोड-गोडच लागतंय." एका बापानं मला विचारलं, "आक्का, रस्सा न्हाय का वो?" मेल्या, बोर्ड वाच की!

उरलेली रताळी शेजारच्या म्हशीला घातली. सुष्मी वाट्या घासताना रडत होती. मला बघून म्हणाली, कांद्यानं पाणी आलं. कांदा कुठं होता आज?

७ मार्च

आज मी माझ्या मनाचं केलं.

पहाटे बाळासो खाटकाकडनं नळ्या आणल्या. त्याच्याकडं हाडं पडूनच असत्यात. डेचकीत आलं, लसूण, धने घालून मंद आचेवर ठेवल्या. वरची चरबी काढली, फडक्यानं दोनदा गाळून घेतलं. क्रांतीसाठी म्हणूनच केलं होतं. देवाशप्पत. पोर पाणी तसं पिणार न्हाय म्हणून सोललेली रताळी त्यात मुरवली आणि वरनं नारळाचं दूध घातलं. पांढरंशुभ्र.

क्रांतीनं दोन खाल्ली. तिसरं मागितलं.

मला रडू आलं. माझी थोरली, बाळी, चार वर्षांचीच होती. गोवर झाला, त्यातनं उठली पण अंगात काही राहिलं न्हाय. डॉक्टर म्हणाले, अळणी पाजा, हाडाचं पाणी पाजा. तवा श्रावण होता. सासू चुलीम्होरं आडवी झाली, "श्रावणात माझ्या घरात हाड शिजायचं न्हाय. पोर काय, महिना गेल्यावर पीती." पोळ्याच्या आधी बाळी गेली. सासूनं श्रावण पाळला, मी पोर पुरली. तवापासून मला कोण शिवाशिव आणि सोवळं-ओवळं सांगायला लागलं की पायाची आग मस्तकाला जाते.

उरलेलं पाणी टाकायला जीव झाला न्हाय. दुपारच्या पोरांचीबी रताळी त्यातच मुरवली.

१२ मार्च, रविवार

नाद खुळा! बसायला जागा न्हाय. पोरं ताटं चाटत्यात. एक मास्तरीण म्हणाली, "आमचा हा घरी भाजीला शिवत नाही, इथं मटकी खातोय. तुम्ही रताळ्याला काय करता हो?" मी म्हटलं, माया करतो.

बोर्डावर शुद्ध शाकाहारी लिहिलंय, ते काय खोटं हाय? मटणाचा एक तुकडा दाखवा कुणी माझ्या ताटात. पाणी म्हंजे पाणी. लिंगायत येत्यात, जैन येत्यात, बामण येत्यात. सगळ्यांच्या पोरांच्या अंगाला लागतंय. कोणाचं वाईट करतो मी?

सुष्मीबी दुपारी तीच रताळी खाते. लग्नात आली तवा खडूसारखी पांढरी होती. आता गालावर रंग दिसायला लागलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१८ मार्च

सुष्मीनं बापाला फोन केला. सहा वर्षांनी. नुसतं "अप्पा, मी" म्हणाली आणि पुढं दहा मिनिटं दोघं गप्प. मी पैसे वाया चालले म्हणून ओरडणार होतो, पण ओरडलो न्हाय.

२६ मार्च, रविवार

आली! दोघंबी आली.

बसाप्पा उंच, पांढरं धोतर, कपाळावर भस्म, आवाज गडगडाटी. शांतव्वा बारीक, पदर डोक्यावर, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी. लेकीला बघून शांतव्वानं दारातच तिला धरली आणि "यव्वा, यव्वा" करत बसली. बसाप्पानं आधी आख्खी खानावळ फिरून बघितली. नवी भांडी हातात घेऊन, वास घेऊन बघितली. मागच्या खोलीकडं निघाला तवा मी लगबगीनं पाठोपाठ गेलो. पण दारातनंच माझी देवाची फळी बघून परतला.

शांतव्वाला शुगर हाय. जेवायच्या आधी चंचीतनं गोळी काढून घेतली. क्रांती तिच्या मांडीवर बसली आणि तिनं आज्जीचं ताट केलं. आज्जीनं ते सगळं खाल्लं.

बसाप्पा दोन रताळी खाऊन म्हणाला, "विहीणबाई, साठ वर्षं रताळी खातोय, पण ही चव न्हाय. नारळाचं दूध घातलंय?"

मी म्हटलं, व्हय.

खोटं कुठं बोललो? नारळाचं दूध घातलेलंच हाय. जाताना बसाप्पानं कृष्णातच्या पाठीवर हात ठेवला. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या लेकाला जावई म्हणाला. सुष्मी आज गात गात भांडी घासत होती. कानडी काहीतरी.

९ एप्रिल, रविवार

आता दर रविवारी येत्यात. बसाप्पा बेळगावकडच्या रताळ्यांची पोती पाठवतोय, शांतव्वा शेंगाचटणी करून आणते. पोरांना ती चटणी सगळ्यात आवडती.

आज जेवणं झाल्यावर बसाप्पानं मला समोर बसवलं. म्हणाला, बसवजयंतीला क्रांतीच्या गळ्यात लिंग बांधायचं. स्वामी येणार, सगळं गणगोत येणार. लेकीला सगळ्यांच्या म्होरं घरात घेणार. "स्वामी विचारतील, पोर कुठल्या चुलीवर वाढते? मी सांगीन, चूल शुद्ध हाय. माझ्या शब्दावर सांगीन. विहीणबाई, मी शब्द देऊ का?"

सुष्मी दारात उभी होती. तिचं तोंड मी बघितलं.

मी म्हटलं, "द्या की."

रात्री अंथरुणावर उठून बसलो. मग मनाला विचारलं, आक्के, आता 'न्हाय' म्हणून त्या पोरीचं काय होणार होतं? परत सहा वर्षं?

१४ एप्रिल

ठरवलं होतं, आता साध्या पाण्यात करायचं. काल करून बघितलं. क्रांतीनं अर्धंच खाल्लं. "आक्का, आज चांगलं न्हाय." पोरीचं मनगट धरलं तर माझ्या दोन बोटांत मावतंय. बाळीचंबी असंच मावायचं.

आज परत बाळासोकडं गेलो.

२० एप्रिल, गुरुवार

शांतव्वा मंगळवारपासनं आमच्याकडं राहिलीय. नातीच्या सोहळ्याला स्वतःच्या हातानं रताळी करायची म्हणते. "अक्का, मला शिकव." मी टाळत होतो.

आज पहाटे मी डेचकीवरचं झाकण काढलं आणि मागं बघतो तर ही दारात उभी. अंघोळ करून, भस्म लावून. हातात दह्याचं भांडं.

"मी म्हटलं, तुझ्या आधी येऊन बघते," म्हणाली आणि हसत पुढं आली. डेचकीत वाकून बघितलं. नळी वर आलती.

हसू तसंच राहिलं तोंडावर. म्हणाली, "अक्का, हे तुझ्यासाठी हाय?"

मी सांगितलं, न्हाय, रताळ्यासाठी हाय. लपवायला मी काय चोर हाय? सगळं सांगितलं. क्रांतीचं रक्त, बाळी, श्रावण, सासू. तिनं सगळं उभ्यानं ऐकलं. एका हातानं गळ्यातली पेटी घट्ट धरली होती. मग दह्याचं भांडं नीट कट्ट्यावर ठेवून मोरीवर गेली, घशात बोटं घातली. पोटात काही नव्हतं, तरी कितीतरी वेळ ओकत होती. मी पाणी दिलं. तिनं माझ्या हातातनं घेतलं न्हाय, नळाचं ओंजळीनं घेतलं.

मग माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी पोर गेली, वाईट झालं. पण माझ्या लेकीला विचारायचं होतंस."

मी म्हटलं, ती हो म्हटली असती काय?

"न्हाय म्हटली असती. म्हणून विचारायचं होतंस."

काय बोलणं हे! न्हाय म्हणणार हे ठाऊक असताना कोण विचारतंय?

तिनं विचारलं, सुष्मीला ठाऊक हाय? मी म्हटलं न्हाय. मग पदरानं तोंड पुसून बोलली, "यांना कळू देऊ नको. शब्द दिलाय त्यांनी. ऐकलं तर जगायचं न्हाय माणूस. आणि माझी लेक मला परत मिळायची न्हाय. जे काय फेडायचं ते मी फेडते. तू आजपासनं घालू नको. क्रांतीची शपथ घे."

घेतली. हायसं वाटलं. बाई शहाणी हाय, समजून घेतलं. मी उगाच भीत होतो.

२३ एप्रिल, रविवार

बसाप्पा शांतव्वाला घेऊन आला, ती गुरुवारीच घरी परत गेलती. आज साध्या पाण्यात करणार होतो, पण एकदम चव बदलली तर त्याला कळंल आणि सगळंच मुसळ केरात. म्हणून आजच्यापुरतं घातलं. सोहळा झाला की बंदच करायचं हाय.

शांतव्वा नवऱ्यासमोर बसली होती. तिच्या ताटात काही न्हाय. "बसवजयंतीपर्यंत माझा उपास," म्हणाली. बसाप्पा हसला, "नातीसाठी नवस केलाय आमच्या हिनं." आणि रताळं फोडलं. शांतव्वानं माझ्याकडं बघितलं. मी वाट्या सारख्या करत बसलो. तो खात होता तोवर ती त्याच्या हाताकडं बघत होती. डोळ्यांतनं पाणी गळत होतं. त्याला वाटलं, आनंदानं रडते.

गुरुवारपासनं म्हणे लिंबाच्या पाण्यावर हाय. चेहरा उतरलाय, हात थरथरत्यात. जाताना मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "जेवायचं नसंल तर नका जेवू, पण शुगरची गोळी तेवढी चुकवू नका. जीवाशी खेळ नको." सुष्मीलाबी बजावलं, आईला रोज फोन करून गोळीची आठवण कर.

तिनं मान हलवली. माझा हात हातात घेऊन दाबला. राग न्हाय तिच्या मनात.

२६ एप्रिल

सुष्मीनं फोन केला. अव्वाला घाम येतोय, गरगरतंय म्हणे, पण गोळ्या वेळेवर घेतीय. बरं झालं. गोळ्या चालू हायत म्हणजे काळजी न्हाय.

सुष्मीनं क्रांतीला हिरवा परकर शिवलाय सोहळ्यासाठी. पोर तो घालूनच झोपली.

२८ एप्रिल, शुक्रवार

शांतव्वा गेली.

पहाटे उठलीच न्हाय. दवाखान्यात नेली तवा धुगधुगी होती. डॉक्टर बसाप्पावर ओरडले म्हणे, पोटात अन्न न्हाय आणि शुगरची गोळी रोज? साखर एकदम उतरली. गोळीनंच घात केला. गोळी घेतली नसती तरी चाललं असतं.

डॉक्टर काहीबी बोलत्यात. गोळी औषध असती.

आम्ही पोचलो तवा तिला भिंतीला टेकवून मांडी घालून बसवली होती, त्यांच्यात असतं तसं. फुलांत. लिंग हातात. सुष्मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून कानडीत एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती. मी एकीला विचारलं, काय म्हणते? ती म्हणाली, "मीच रोज सांगत होते गोळी घे म्हणून, असं म्हणते."

मी परसात जाऊन बसलो.

३० एप्रिल

आज बसवजयंती. हिरवा परकर घडी करून फळीवर ठेवला. रताळी उकडली न्हाईत, दार उघडलं न्हाय. काही लिहवत न्हाय.

७ मे, रविवार

लिहून टाकायला पायजे. न लिहून काय होणार?

बसाप्पानं स्वतः फोन केला होता. शांतव्वाच्या नावानं आज शिवगणाराधना, म्हणजे सगळ्यांना जेवण. "विहीणबाई, तिला तुमची रताळी फार आवडायची. गल्लीतली पोरं जेवायला बसवतो. वाट्या मांडूया तशाच. तुम्ही करून आणा."

मी पहाटे डेचकी माळ्यावर टाकली. नव्या पातेल्यात, नळाच्या पाण्यात रताळी शिजवली. आलं घातलं, नारळाचं दूध घातलं. जीव ओतून केलं. जीपमधनं गडहिंग्लजला नेली.

अंगणात पोरांची पंगत बसली. सुष्मीनं दही, चटणी, गूळ, मटकी मांडली. पोरं हसत-खिदळत आपापली ताटं करायला लागली. बसाप्पाला एक ताट क्रांतीनं केलं. त्यानं घास घेतला. चावला. दुसरा घेतला. मग डोळे मिटून तिसरा घेतला, काहीतरी हुडकत असल्यासारखा.

"हे तसं न्हाय," म्हणाला.

मी म्हटलं, दुःखात चव कळत न्हाय, पावणं.

"न्हाय. चव मला कळते. तिखटमिरचीचा व्यापार हाय माझा, जिभेवर जगलोय." थांबला. मग हळू बोलायला लागला. हा माणूस हळू बोलतो हे मला ठाऊकच नव्हतं. "गुरुवारी ती तुमच्या चुलीपाशी आली. रताळी शिकायला. घरी आल्यावर मी विचारलं, शिकलीस काय? म्हणाली, शिकले, पण आपल्याला करायची न्हाईत. त्या दिवसापासनं ती जेवली न्हाय." ताट खाली ठेवलं. "विहीणबाई, त्या पाण्यात काय असायचं?"

सुष्मी दह्याची वाटी घेऊन उभी होती. तिच्यासमोर खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी. न्हाय बोलता आलं.

"हाडाचं पाणी," मी म्हटलं. "नळ्यांचं. क्रांतीच्या अंगात रक्त न्हाय म्हणून."

मला वाटलं, ओरडंल. अंगावर येईल. मी त्याची तयारी केली होती, मीबी चार गोष्टी सुनावणार होतो, बाळीचं सांगणार होतो. पण पंगतीतली दोन-तीन पोरं आमच्याकडं बघत थांबली होती, घास हातात धरून. त्यांना तो म्हणाला, "खावा, बाळांनो. आजचं साधं हाय."

आणि उठून मागच्या दारानं शेताकडं गेला. तिची समाधी तिकडंच हाय.

सुष्मीनं वाटी ठेवली. माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "मला पण?"

मी म्हटलं, "तुझ्या गालावर रंग आलता, सुष्मे."

तिनं दोन्ही गालांवरनं हात फिरवला, काही लागलंय का बघावं तसा. जीप निघाली तवा क्रांतीला घेऊन घरात गेली. कृष्णातनं मला दारात सोडलं आणि तसाच माघारी गडहिंग्लजला गेला.

१२ मे

हंबीरराव आला. रोग संपला म्हणे, लोक परत कोंबडी खायला लागलेत. "आक्का, चूल पेटवा की." मी त्याला दारातनं घालवला.

रात्री कृष्णात गडहिंग्लजहून आला, क्रांतीचे कपडे न्यायला. पिशवी भरताना पाठमोराच म्हणाला, "पोरीचं रक्त परत तपासलं. पहिलं होतं तेवढंच हाय."

मी विचारलं, सुष्मी कशी हाय?

"जेवत न्हाय. कुणाच्याबी हातचं न्हाय. पाणीसुद्धा स्वतः काढून पिते."

हातातलं तांब्याभांडं ठेवलं आणि मी खाली बसलो. माणूस जेवत न्हाय म्हणजे काय हे शांतव्वानं मला एकदा दाखवलं होतं. तवा मी गोळीची आठवण करून दिली होती. माझ्या तोंडानं. शांतव्वानं माझा हात दाबला, तो राग नव्हता म्हणून न्हवं. निरोप घेत होती. सगळं आत्ता कळतंय मला, आता कळून कुणाच्या कामाचं?

१५ मे, सोमवार

आज एकटीच एस.टी.नं गेलो. बाजारातनं रताळी घेतली होती, कच्ची, मातीसकट. म्हटलं, तिनं तिच्या चुलीवर, तिच्या पाण्यात शिजवावी. माझा हात लागायला नको.

बसाप्पा सोप्यावर बसला होता. माझ्याकडं बघितलं आणि आत हाक दिली, "क्रांती, बाहेर कोण बाई आल्यात, त्यांना पाणी दे." विहीणबाई न्हाय म्हणाला.

मी पायरीवरच बसलो. सुष्मी बाहेर आली. किती वाळली पोर! मी पिशवी पुढं केली. म्हटलं, "कच्ची हायत. दोन घास खा गं बाई. माझ्यासाठी न्हाय, क्रांतीसाठी खा." आणि मी पदर पसरला तिच्यापुढं. जन्मात कुणापुढं पसरला नव्हता.

तिनं पिशवी घेतली. अंगणातल्या नळाखाली रताळी ओतली, एकेक चोळून धुतलं. आणि प्रत्येक रताळं नाकाला लावून वास घेतला. कच्च्या रताळ्याचा. एक झालं की बाजूला ठेवायची, दुसरं घ्यायची. घाई न्हाय, राग न्हाय, भांडण न्हाय.

क्रांती पाण्याचा तांब्या माझ्या हातात देऊन आईकडं पळाली. तिच्याशेजारी उकिडवी बसली. धुतलेलं एक रताळं उचललं, आईकडं बघितलं आणि तिनंबी ते नाकाला लावलं.

मी पाणी प्यालो, तांब्या पायरीवर ठेवला आणि चारची एस.टी. धरली.